बेकची उडी

२६ फेब्रुवारी १९५०, रविवार

आणि पुन्हा तेच. ‘तू यात पडू नकोस.’ सात वर्षं झाली, बापाकडे माझ्यासाठी दुसरं वाक्य नाही. पूर्वी तोंडानं म्हणायचा. आता माझ्या धाकट्या बहिणीला, व्हर्डीला, समोर बसवून लिहून घेतो आणि तीन सेंटांचं तिकीट लावून सहाशे मैलांवर पाठवतो. जसा काही मी त्याच्या दाव्यात नाक खुपसायलाच वॉशिंग्टनला आलोय. मी आलो ते खड्डे खणायला.

बाकीचं बकआय खोरं बरोबर उलट बोलतं. दुकानदार ॲम्ब्रोजनं म्हणे चार लोकांत सांगितलं की हायरम टकेटला आता काळजी नाही, त्याचा डेलमर खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या घरात कामाला आहे, कानात एक शब्द टाकला की झालं. यांना वाटतं मी सकाळी फावडं खांद्यावर टाकून आत शिरतो तेव्हा अध्यक्ष ओसरीवर बसलेले असतात आणि विचारतात, काय रे हायरमच्या पोरा, जेवलास का.

त्या घरात अध्यक्ष नाहीत. ते रस्त्यापलीकडच्या घरात राहायला गेलेत. खरं सांगायचं तर त्या घरात घरसुद्धा नाही. मजल्यांच्या जमिनी खचायला लागल्या म्हणून आतलं सगळं उतरवलं. बाहेरच्या चार भिंती तेवढ्या उभ्या आहेत, आणि आत आम्ही खाली खाली खणत चाललोय. बाहेरून लोक फोटो काढतात. त्यांना काय माहीत की आत नुसता चिखल आहे.

ही वही व्हर्डीनं निघताना दिली. म्हणाली, सहावीत शाळा सोडलीस, निदान लिहीत राहा, नाहीतर सही करायलाही विसरशील.

३ मार्च, शुक्रवार

दावा काय आहे ते एकदा नीट लिहून ठेवतो, कारण माझ्याबरोबर काम करणारा पालुम्बो मला रोज विचारतो आणि रोज हसतो. पालुम्बो बाल्टिमोरचा आहे, मी टेनेसीचा म्हणून मला टेनेसीच म्हणतो. माझं नाव त्याला ठाऊक असावं, पण तो वापरत नाही.

त्रेचाळीस सालच्या शरदात लष्करानं आमच्या भागात लुटुपुटुची लढाई मांडली होती. निळे एकीकडे, तांबडे दुसरीकडे, मध्ये आमचा मका. एका सकाळी आमच्या रस्त्यानं रणगाड्यांची रांग गेली आणि रांगेतल्या तिसऱ्या रणगाड्याखाली आमची बेक गेली. बेक म्हणजे आमचं खेचर. लष्करी अधिकाऱ्यानं वहीत लिहिलं की जनावर मोकाट होतं, चूक मालकाची. बापानं सांगितलं की फाटकाच्या तिन्ही आडव्या लाकडी बल्ल्या लावलेल्या होत्या, या, बघा. अधिकाऱ्यानं पाहिलं, लावलेल्या होत्या. मग जनावर रस्त्यावर आलं कसं? बाप म्हणाला, तुमच्या गडगडाटाला घाबरून बेकनं उडी मारली.

तेव्हापासून हा दावा चालू आहे. लष्करानं नाही म्हटलं. कोर्टात जायची सोय नाही म्हणे, त्या वेळच्या गोष्टींसाठी नाही. राहता राहिला एकच मार्ग, तो म्हणजे एकट्या हायरम टकेटच्या नावाचा वेगळा कायदा करायचा. दोन्ही सभागृहांनी तो मंजूर करायचा आणि शेवटी अध्यक्षांनी सही करायची. एका खेचरासाठी अख्खा कायदा. पालुम्बोला मी थापा मारतोय असं वाटलं होतं. पण असे कायदे दर साली शेकड्यांनी होतात.

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते. बल्ल्या मी काढल्या होत्या. बारा वर्षांचा होतो. रणगाड्यांचा आवाज आला तसा बेकला पाणी पाजायचं अर्धवट टाकून, बल्ल्या खाली सोडून धावलो ते थेट टेकाडावर. खालून धूर, आवाज, सगळा तमाशा चाललेला. परत आलो तेव्हा बेक मेलेली, माणसं जमलेली, आणि बल्ल्या जागच्या जागी. तिन्ही.

सात वर्षं मी यावर विचार करतोय. एक तर मी बल्ल्या लावून गेलो आणि विसरलो. नाहीतर बेक बाहेर पडली आणि तिनं मागे वळून स्वतः बल्ल्या लावून घेतल्या. तिसरं काही मला सुचत नाही.

त्या दिवशी माझी नवी टोपीही हरवली. बापाचा कारभार पाहा. मेलेल्या खेचराबद्दल मला एक शब्द नाही, पण टोपी हरवली म्हणून संध्याकाळी पाठ सोलून काढली.

११ मार्च, शनिवार

आज आमच्या खासदाराच्या कचेरीत गेलो. बापाला कळवलेलं नाही. खासदार नव्हता, तो कधीच नसतो. सगळं मिस प्रुइट बघते. पन्नाशीची असेल, चष्मा साखळीला लावलेला, आणि मला ‘मिस्टर टकेट’ म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी मागे वळून बघितलं.

अडचण अशी आहे की लष्करानं दावे तपासणाऱ्या सभागृहाच्या समितीला लिहून पाठवलंय, चौदा वर्षांचं खेचर पाच फुटांची उडी मारूच शकत नाही. चौदा हा आकडाही त्यांनी मेलेल्या बेकचे दात बघून काढला. बाप म्हणतो अकरा. त्यामुळे समितीनं बापानं मागितलेल्या एकशेपासष्ट डॉलरचे एकशेचाळीस केले, आणि तेसुद्धा कुणी उडीबद्दल शपथेवर सांगितलं तरच. मिस प्रुइट म्हणाली की तुम्ही त्याच घरातले, खेचर तुम्ही पाहिलेलं, तुमचं प्रतिज्ञापत्र झालं तर काम होईल.

खेचरं उडी मारतात हे खरंच आहे. आमच्याकडे रॅकूनच्या शिकारीला लोक खेचरावरून जातात, वाटेत तारेचं कुंपण आलं की उतरतात, तारेवर कोट टाकतात, आणि खेचर उभ्या जागेवरून पलीकडे. जत्रेत पैजा लागतात. हे मी तिला सांगितलं तर तिनं भराभर लिहून घेतलं, फार खूश झाली.

मग तिनं विचारलं, ‘आणि बेक?’

बेक पाण्याच्या बादलीवरूनसुद्धा पाय टाकत नसे. वळसा घालायची. उभ्या आयुष्यात तिचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटले असतील तर ते आईच्या पोटात. पण मिस प्रुइटनं लेखणी टेकवून ठेवली होती आणि चष्म्यावरून बघत होती. मी म्हणालो, आमच्या खोऱ्यात मनात आलं तर उडी न मारणारं खेचर मी पाहिलेलं नाही.

हे खोटं नाही. बेकच्या मनात कधी आलं नाही, एवढंच.

तिनं तेच वाक्य टाइप केलं. बल्ल्यांबद्दल लिहिलं, ‘मी परत आलो तेव्हा बल्ल्या लावलेल्या होत्या.’ हेही खरं. उजवा हात वर केला, शपथ घेतली, सही केली, एका माणसानं शिक्का मारला. सगळी वाक्यं खरी, आणि जिना उतरताना पाय मात्र चोरासारखे पडत होते.

४ एप्रिल, मंगळवार

अर्धा दिवस बुडवून सभागृहाच्या सज्जात जाऊन बसलो. एकेका माणसाचे कायदे पुकारायचे मंगळवार ठरलेले असतात. खाली पाचपन्नास लोक, कुणी पेपर वाचतंय, कुणी गप्पा मारतंय. कारकून एकेक नाव घेतो. यात भाषण नाही, मतं नाहीत. हरकत घ्यायला काही माणसं मुद्दाम नेमलेली असतात. दोघांनी हरकत घेतली की कागद परत समितीकडे. कुणी काही बोललं नाही की पुढे.

‘हायरम टकेट यांच्या दिलाशासाठी,’ कारकून म्हणाला. एवढ्या मोठ्या छताखाली बापाचं नाव. माझ्या अंगावर काटा आला. हरकतवाल्यांपैकी एक जण उठला. त्यानं मागच्या बाकावरचा पाण्याचा पेला घेतला आणि पुन्हा बसला.

झालं मंजूर. मला वाटतं सात मोजेपर्यंत. कायदा म्हणजे लोक उभे राहून काहीतरी बोलत असतील असं मला वाटायचं. इथे कुणी काही बोललं नाही म्हणून कायदा होतो. असं असेल तर आमचं घर म्हणजे मोठीच संसद म्हणायची.

१६ एप्रिल, रविवार

बापाचं पत्र. कायद्याचा उल्लेख नाही. खोलीत शेगडी आहे का, मक्याची भाकरी आणि ताक तिकडे मिळतं का, छातीत कफ होतो का. आणि तंबाखूची रोपं लावायला मे महिन्यात माणसं कमी पडणार आहेत. म्हणजे फुकटचा मजूर पाहिजे. खाली व्हर्डीनं स्वतःचं घातलंय, ‘हे सगळं बाबा म्हणतात, मी फक्त लिहिते. शेगडीचं त्यांनी दोनदा सांगितलं, मी एकदाच लिहिलंय.’

२ मे, मंगळवार

बुलडोझर आणला. दरवाजा लहान आणि यंत्र मोठं. भिंत थोडी कापली असती तर सरळ आत आलं असतं, पण भिंतीला हात लावायचा नाही असा वरून हुकूम. मग दाराबाहेर यंत्राचे तुकडे केले, तुकडे आत नेले, आत परत जोडलं. पालुम्बो म्हणाला, टेनेसी, हे सरकार लक्षात ठेव, बाहेरून काही हललेलं दिसता कामा नये.

९ मे, मंगळवार

सिनेटनंही काल मंजूर केलं. मिस प्रुइटनं चिठ्ठी पाठवली. खानावळीची मालकीण चिठ्ठीवरचा सरकारी छाप बघून मला उकडलेला जास्तीचा बटाटा वाढून गेली.

मला आनंद व्हायला हवा होता.

१९ मे, शुक्रवार

आज कागद अध्यक्षांच्या टेबलावर पोचला. मिस प्रुइटनं हिशेब समजावून दिला. त्यांना दहा दिवस. रविवार धरायचे नाहीत. सही केली तर कायदा. नको असेल तर कारण लिहून परत. आणि सभागृह चालू असताना दहा दिवस नुसतंच पडू दिलं तरी कायदा, सहीवाचून. मी विचारलं, सही नसलेला कायदा थोडा कमी कायदा असतो का. ती म्हणाली, नाही मिस्टर टकेट, तेवढाच असतो. पण वडलांना सही आवडेल, नाही का?

वहीच्या मागे रेघा आखल्यात. ३१ तारखेला रात्री बारा वाजता दहावा दिवस संपतो.

२२ मे, सोमवार. दुसरा दिवस

सकाळी मुकादमानं सांगितलं की वर पाहणी आहे, तोंडं बंद ठेवा, हात चालू ठेवा. आम्ही खड्ड्यात, वीस फूट खाली. वर फळ्यांवरून बूट गेले. आम्हाला दिसले ते बूटच, सात-आठ जोड. पालुम्बो म्हणाला, ते तांबूस बूट अध्यक्षांचे, चाल ओळखतो मी. त्याला खानावळीच्या मालकिणीची चालसुद्धा ओळखता येत नाही. मग कोपरानं ढोसून म्हणाला, ‘हाक मार ना. बापाच्या खेचराचं सांग. अशी संधी सिनेटरलासुद्धा मिळत नाही.’

तांबूस बूट माझ्या बरोबर डोक्यावर थांबले. कदाचित त्यांचे असतील, कदाचित एखाद्या इंजिनिअरचे. मी मान खाली घालून असा खणत सुटलो की मुकादम नंतर म्हणाला, असं रोज खणलंस तर आठवड्यात चीनला पोचशील.

मान का खाली घातली ते मला ठाऊक आहे. वर बघितलं असतं तर तोंडातून एकच गोष्ट निघाली असती, की बल्ल्या मी काढल्या होत्या.

२४ मे, बुधवार. चौथा दिवस

काल झोप नाही. आज जेवणाच्या सुट्टीत फळीवर बसून बापाला पत्र लिहिलं. सात ओळींना अर्धा तास लागला. लिहिलं की बल्ल्या मी खाली टाकून गेलो होतो. त्या परत कशा लागल्या मला माहीत नाही. बेकनं उडी मारली नसावी. आणि मी मार्चमध्ये इथे प्रतिज्ञापत्र केलंय की मारली असेल. तुमचं खरं धरून चाललो होतो, माझं आधी सांगायला हवं होतं.

पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं की हात घालून परत काढावं. पेटीचं तोंड अरुंद.

२५ मे, गुरुवार. पाचवा दिवस

मिस प्रुइटला सांगितलं. तिनं चष्मा काढला, पुसला, घातला. मला वाटलं ती आता शिपाई बोलावते. ती म्हणाली की दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेला कागद अध्यक्षांकडून परत मागवायचा तर दोन्ही सभागृहांना ठराव करावा लागतो, आणि एका खेचरासाठी तो ठराव मांडायला ती कुणालाही सांगणार नाही. मग माझं प्रतिज्ञापत्र काढून दोनदा वाचलं. ‘यात एकही वाक्य खोटं नाही,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला इथे नोकरी हवीय का? लगेच मिळेल.’

मी म्हणालो, मग मी काय करू. तिनं सांगितलं की या गावात असं झालं की लोक काहीच करत नाहीत, आणि बहुतेक वेळा तेच पुरतं.

२९ मे, सोमवार. आठवा दिवस

कामावरून आलो तर निरोप, की लगेच कचेरीत या. मला वाटलं, आता तुरुंग. मिस प्रुइटनं माझ्या हातात तार ठेवली. शनिवारी दुपारी आलेली, खासदाराच्या नावानं, आमच्या जिल्ह्याच्या गावाहून.

‘खेचराने उडी मारली नाही. अध्यक्षांना सांगा सही करू नये. हायरम टकेट.’

ती बावीस वर्षं या कचेरीत आहे. म्हणाली, लोक पैसे मागायला येतात, जास्त मागायला येतात, लवकर मागायला येतात. नको म्हणणारा हा पहिला. तार तिनं सकाळीच स्वतः चालत अध्यक्षांच्या कचेरीत नेऊन दिली होती, माझ्या हातात होती ती नक्कल. शिपायाच्या हाती दिली असती तर कुणी खरी मानली नसती म्हणे.

मी मात्र कोलमडलो. बापानं सात वर्षं हा दावा पोटच्या पोरासारखा वाढवला. त्याचं नाव त्या छताखाली घेतलं गेलं. दोन दिवस राहिले होते. आणि माझ्या सात ओळींनी सगळं मातीत. आता तो माझं तोंड बघणार नाही. पालुम्बोला सांगितलं तर तो पहिल्यांदाच हसला नाही. म्हणाला, तुझ्या बापानं अध्यक्षांना हुकूम दिलाय, टेनेसी, माझ्या बापाची मजल मुकादमापर्यंत.

१ जून, गुरुवार

काल, दहाव्या दिवशी, कागद परत आला. संमती नाही. मिस प्रुइटनं मला उतारा दिला. एकच वाक्य आहे. लाभार्थ्यानेच आता कळवले आहे की खेचराने उडी मारली नव्हती, सबब हे विधेयक मी संमतीविना परत पाठवत आहे. खाली अध्यक्षांचं नाव.

खालच्या सभागृहात हे वाचून दाखवलं तेव्हा सज्जात कुणीतरी खो खो हसलं आणि सभापतींना हातोडा आपटावा लागला, असं ती म्हणाली. एप्रिलमध्ये सात मोजेपर्यंतच ऐकलं होतं. या वेळी सगळ्यांनी पेपर खाली ठेवून ऐकलं.

६ जून, मंगळवार

व्हर्डीचं पत्र, आणि त्याबरोबर एक पुडकं. पत्र इथे उतरवून ठेवतो, कारण मी ते चारदा वाचलंय आणि अजून नीट बसत नाही.

ती लिहिते: ‘डेल, तुझं पत्र शुक्रवारी संध्याकाळी आलं. बाबा जेवत होते. मी वाचलं, की बल्ल्या तू काढल्या होत्यास. ते म्हणाले, मला ठाऊक आहे, आणि जेवत राहिले. मला वाटलं ऐकायला आलं नाही म्हणून मी परत वाचलं. ते म्हणाले, बहिरा नाही मी. मग पुढचं वाचलं, की तू तिकडे शपथ घेऊन आलास. तेव्हा त्यांनी चमचा ठेवला. मग म्हणाले, मी खोटं बोललो ते त्याला बोलावं लागू नये म्हणून. आणि हा गडी वॉशिंग्टनला जाऊन शिक्का मारून बोलून आला.

‘त्या दिवशी रस्त्यावर आधी तेच पोचले होते. बल्ल्या जमिनीवर, शेजारी तुझी टोपी, आणि जीपमधून साहेब वही काढत उतरत होता. त्यांनी बल्ल्या लावल्या आणि टोपी खिशात घातली. म्हणाले, सरकारच्या वहीत एकदा नाव गेलं की निघत नाही, आणि पोरगं बारा वर्षांचं. मग साहेबानं विचारलं जनावर आलं कसं, तर तोंडात पहिलं आलं ते उडी. आणि एकदा बेकनं उडी मारल्यावर तिला परत खाली कसं उतरवायचं ते त्यांना सात वर्षं कळलं नाही.

‘शनिवारी पहाटे उठून नऊ मैल चालत तारघरात गेले. तारवाल्यानं विचारलं, अध्यक्षांना असं कसं लिहायचं, तर म्हणाले, जसं सांगतो तसं लिही. परत आल्यावर अवजारांच्या पेटीतून ही टोपी काढून दिली आणि म्हणाले, पाठव त्याला.’

पुडक्यात टोपी. माझीच. आतल्या पट्टीवर व्हर्डीनं शिवलेली दोन अक्षरं आहेत. आता ती माझ्या डोक्यावर पालथ्या वाटीसारखी बसते.

म्हणजे टोपी सबंध वेळ त्याच्या खिशात होती. टोपी खिशात ठेवून टोपी हरवली म्हणून मला मारलं. याला काय म्हणायचं? मारायचंच होतं तर खेचरासाठी तरी मारायचं.

११ जून, रविवार

पालुम्बोला टोपीची गोष्ट सांगितली. म्हणाला, टेनेसी, तू खणतोस छान.

काय म्हणायचं होतं कोण जाणे.

१८ जून, रविवार

बापाचं पत्र, व्हर्डीच्या हातचं. अध्यक्षांच्या नकाराचा उतारा मी पाठवला होता. तो ॲम्ब्रोजच्या दुकानात तंबाखूच्या डब्यांवर टांगलाय. लोक मैलोगणती येऊन वाचतात म्हणे. खोऱ्यात आता असं बोलतात की हायरम टकेटनं सांगितलं सही करू नका, तर अध्यक्षांची टाप नव्हती करायची. बाप आता रोज दुकानात जायला लागलाय. पूर्वी आठवड्यातून एकदा जायचा.

मग कामाचं. ‘सरकार आता यातून सुटलं. खेचर तुझ्या अंगावर. एकशेपासष्ट.’ व्हर्डीनं विचारलं म्हणे की समितीनं तर एकशेचाळीस ठरवले होते. तर म्हणाला, ‘ते सरकारसाठी. बेक अकरा वर्षांची होती हे घरच्या माणसाला माहीत असायला पाहिजे.’

आणि पुढे, ‘एकदम नको. थोडे थोडे, पण टपालानं पाठवू नकोस. हातात आणून दे, दर वेळी.’ खाली व्हर्डीनं विचारलंय की रात्रीच्या बसचं तिकीट किती पडतं, बाबांनी विचारायला सांगितलंय, आणि मी विचारतेय असं लिही म्हणालेत.

म्हातारा टपालखात्यावरसुद्धा विश्वास ठेवत नाही. सरकारशी भांडून भांडून असा झालाय. दहा-दहा डॉलर द्यायला सहाशे मैल जायचं म्हणजे सोळा-सतरा खेपा. तिकिटातच दुसरं खेचर येईल. याला हिशेबच कळत नाही.

२४ जून, शनिवार

लोखंडी सांगाडा वरपर्यंत चढला. आतून नवं, बाहेरून जुनं, फोटो काढणाऱ्यांना अजून काही पत्ता नाही. दुपारी लवकर सुट्टी. फार उकडतंय, गाव रिकामं झालंय. अध्यक्षसुद्धा आज विमानानं आपल्या गावी गेले म्हणतात. पालुम्बो बाल्टिमोरला निघाला, जाताना म्हणाला, सगळे घरी चालले टेनेसी, अध्यक्षपण. तुझाच बाप तेवढा वाट बघत नाही का?

जाईन की. चार जुलैला एकच दिवस सुट्टी आहे, त्यात होणार नाही. तंबाखू कापणीला जाईन, नाहीतर नाताळात नक्की. घाई काय आहे? कुठे आग लागलीय? टोपी खुंटीला अडकवून ठेवलीय, जाताना घालून गेलो तर हसेल तरी.

तोवर टपालानंच. पोस्टातल्या माणसानं मनीऑर्डरच्या फॉर्मवर कशाबद्दल ते लिहा म्हणून सांगितलं. लिहिलं, ‘बेक, पहिला हप्ता.’ दहा पाठवणार होतो. मग तिच्या वयाचं आठवलं, आणि बापाचं म्हणणं एकदा तरी खरं धरावं असं वाटलं.

अकरा डॉलर.